लोकल बोर्डाचा एक आणा



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि त्याहून अधिक द्वारसभेत कामगारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधताना झाले. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा कामगार चळवळीच्या आठवणी सांगाल अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, ठाणे जिल्ह्याच्या लोकल बोर्डावर बोलतो. ते जरा थांबले. साठ वर्षांपूर्वी मोडीत निघालेल्या संस्थेशी कामगारांच्या पुढाऱ्याचा काय संबंध, असे त्यांच्या मनात आले असावे. तो संबंध सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

आमची आई आमच्या शाळेला शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’ म्हणत असे. आम्ही शाळेत गेलो तेव्हा बोर्ड जाऊन दहाएक वर्षे लोटली होती. बाकांवर, पाण्याच्या पिंपावर, गुरुजींच्या खुर्चीच्या पाठीवर ‘जि. प. ठाणे’ अशी अक्षरे रंगवलेली होती. पण आईच्या लेखी ती बोर्डाची शाळा, नाक्यावरचा तो बोर्डाचा दवाखाना आणि खडीचा तो बोर्डाचा रस्ता. त्या वयाची माणसे आजही आपल्या गावांत असेच बोलतात. सरकारी कागदावरून एखादी संस्था पुसली गेली तरी लोकांच्या तोंडातून ती लवकर जात नाही. तेव्हा हे बोर्ड म्हणजे होते तरी काय, हे पाहण्याची इच्छा आम्हांला पुढे झाली. एका वाचनालयात ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटियर हाती लागले. इंग्रजी कोश शेजारी ठेवून, दिवसाला एक पान या हिशेबाने आम्ही ते वाचले. समजले थोडे, पण जे समजले ते विसरलो नाही.

या कथेचा आरंभ एका आण्यापासून होतो. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात असे ठरले की, शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे रयतेने एक आणा जादा द्यावा, आणि त्याचा निराळा फंड करून त्यातून गावांच्या सोयी कराव्यात. दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. १८६९ साली त्यासाठी कायदाच झाला. हाच लोकल फंड. आण्याला आज आपण हसू, पण ज्याच्या घरात रुपया वर्षातून एकदाच दिसतो त्याला तो आणा जड असतो. युनियनची वर्गणी गोळा करताना आम्ही हे पाहिलेले आहे. दहाची नोट देताना जो कामगार दोनदा मोजतो तोच वर्षअखेरीस हिशेब विचारतो, आणि त्याने विचारलाच पाहिजे. रयतेने आणा दिला, पण हिशेब विचारण्याची सोय तिला कोणी ठेवली नव्हती. फंड सांभाळणार कलेक्टर, खर्च ठरवणार कलेक्टर आणि त्याला सल्ला देणार त्यानेच नेमलेली मंडळी. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते आणि रयतेची मुले कोरडीच राहतात, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडली.

त्याच वर्षी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला आणि दोन वर्षांनी, १८८४ साली, मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा आला. जिल्ह्याला एक बोर्ड आणि तालुक्यांना एकेक बोर्ड. काही सभासद निवडून यावेत, पण मत कोणाला? ज्याच्या नावावर जमीन, ज्याचे उत्पन्न मोठे, त्याला. अध्यक्षाच्या खुर्चीवर आरंभी कलेक्टरच. आता आपल्या या पट्ट्याचा विचार करा. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या डोंगरांत राहणारा वारली जमीन कसत होता, पण ती जमीन सावकाराच्या नाहीतर जमीनदाराच्या नावावर होती. आणा त्याच्याच घामातून जाई, मत मात्र दुसऱ्याचे असे. जव्हार तर संस्थानच होते, तेथे बोर्डाचा प्रश्नच नव्हता.

येथे आपल्या तालुक्याविषयी दोन शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही. त्या काळी हा पालघर तालुका नव्हताच, हा माहीम तालुका होता. केळवे-माहीमला कचेरी होती, बंदर होते, किल्ला होता आणि नगरपालिकाही होती. पालघर म्हणजे रेल्वेचे एक स्टेशन, माहीमपासून पाच-साडेपाच मैल आत. बी.बी.सी.आय.चे रूळ १८६० नंतरच्या दशकात येथून गेले आणि त्यांनी निमूटपणे सगळा उलटपालट केला. बंदराचा माल गाडीने जाऊ लागला. मालामागून माणसे गेली आणि माणसांमागून कचेरी. पुढे तालुक्याचे नावही पालघर झाले, आणि माहीमला नगरपालिका होती हे आज तेथल्या मुलांनाही सांगावे लागते. रूळ कोठून जावेत हे माहीमकरांना कोणी विचारले नव्हते. विलायतेतल्या एका कंपनीने ते ठरवले आणि गावाचे नशीब फिरले. पुढे बोईसरच्या बाबतीत असेच झाले, त्याकडे आम्ही येणारच आहोत.

१९२३ च्या कायद्याने बोर्डावर लोकांनी निवडलेल्यांचे बळ वाढले. वकील, जमीनदार, व्यापारी आणि काही ठिकाणी तळमळीचे काँग्रेस कार्यकर्ते बोर्डावर आले. शाळा वाढल्या, विहिरी झाल्या. आम्ही त्यांस कमी लेखत नाही. पण त्याच काळात, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला. त्यात वेठीचे आणि सावकारी पाशाचे जे वर्णन आहे ते वाचले म्हणजे प्रश्न पडतो की, बोर्डाच्या सभांतून ही गोष्ट एवढी वर्षे कशी दिसली नव्हती? उत्तर साधे आहे. ज्यांच्या शेतावर वेठ चाले त्यांच्याच वर्गातली माणसे त्या खुर्च्यांवर होती. १९३८ साली तालुका बोर्डे रद्द झाली आणि सगळा कारभार जिल्ह्याच्या बोर्डाकडे, म्हणजे ठाण्याला गेला. मोखाड्यापासून ठाणे शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. बैलगाडीच्या काळातले शंभर किलोमीटर.

मग लोकांनी आपले काम आपण केले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा गावांतून मोर्चे पालघरच्या कचेरीवर आले. गोळीबार झाला. पाच जण पडले. त्यांत मासे धरणाऱ्यांच्या घरचे होते, शेतकऱ्यांच्या घरचे होते. हुतात्मा स्तंभावरून आपण रोज जातो. ते कोणत्या इमारतीकडे निघाले होते ते कधी ध्यानात घेतले आहे काय? कचेरीकडे. ज्या दारातून त्यांचा कारभार चाले आणि ज्या दारात त्यांना हात जोडून उभे राहावे लागे, त्या दारावर त्यांना तिरंगा लावायचा होता. तीन वर्षांनी तलासरीकडे झरीच्या परिषदेतून वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेचा लाल बावटा त्या डोंगरांत नेला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, तरी वेठ मोडली ती मोडलीच. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी मोकळा झाला. बोर्डाने जे पाहिले नव्हते ते लोकांनी मोडून दाखवले. आम्ही कामगार चळवळीत आलो तेव्हा आमच्या पहिल्या बैठकीला तलासरीचा एक म्हातारा कॉम्रेड आला होता. तो म्हणाला, “पोरांनो, मागण्या मागाहून लिहा. आधी ठरवा की मालकापुढे खाली कोणी बसायचे नाही.” एवढेच बोलून तो चहा पीत बसला.

स्वातंत्र्य आले, सर्वांना मत मिळाले. जव्हार संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा उंबरगाव तालुक्याचा बहुतेक भाग गुजरातेत गेला, राहिला तो तलासरीकडचा. वसंतराव नाईकांच्या समितीचा अहवाल आला, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जुन्या बोर्डाच्या जागी ठाणे जिल्हा परिषद सुरू झाली. शाळा, दवाखाने, पाणी, लहान रस्ते, शेती हे सारे लोकांनी निवडलेल्या सभासदांच्या हाती. कलेक्टर बाजूला झाला. जोतीरावांची तक्रार आणि परिषदेचा हा पहिला दिवस यांच्यामध्ये ऐंशी वर्षे गेली. हा दिवस मोठाच होता, आणि त्याबद्दल आमच्या मनात कोणतेही किंतु नाही.

पण त्याच १९६२ साली, तीनच महिन्यांनी, १ ऑगस्टला आणखी एक संस्था जन्माला आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. आपण तिला एम.आय.डी.सी. म्हणतो. जिल्हा परिषदेला मतदार आहेत, महामंडळाला नाहीत. परिषदेचा अध्यक्ष पाडता येतो, महामंडळाच्या कारभाऱ्याला आपण कोणी पाडू शकत नाही. त्या वेळी कोणाला वाटले नसेल की, या दोन भावंडांपैकी आपल्या भागाचे नशीब धाकटे ठरवणार आहे.

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र चालू झाले, देशातील पहिले. मागोमाग १९७० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत आली. तिचे नाव तारापूर, पण ती आहे बोईसरच्या भोवती. तारापूर गाव समुद्राकडे आपले जुने किल्ल्याचे गाव राहिले. मालाच्या खोक्यावर त्याचे नाव मात्र देशभर फिरले. सालवड, सरावली, पास्थळ, कुंभवली, कोलवडे या गावांच्या भातशेतात आणि गवताच्या रानात रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे, औषधांचे कारखाने उभे राहिले. आज त्यांची संख्या हजारावर आहे. अणुभट्टीच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे मुळासकट उठली आणि दुसरीकडे त्याच नावांनी वसवली गेली. आमच्यासारखी हजारो माणसे पोटासाठी येथे आली, आधी कोकणातून, खानदेशातून, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसातून.

आणि येथेच आमचा विषय कामगारांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. २०११ च्या जनगणनेने बोईसरला शहर म्हणून मोजले, पण कारभार ग्रामपंचायतीचा होता. नगरपरिषदेची मागणी वर्षानुवर्षे चालली. रात्रपाळी करणारा, बॉयलरवर उभा राहणारा, चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांबरोबर राहणारा मजूर सरकारच्या दप्तरी ‘ग्रामीण’ ठरला. त्याची स्थानिक सरकारे म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, लोकल बोर्डाचीच नातवंडे. पण तो ज्या जमिनीवर राबतो तिच्या आराखड्यावर हुकमत महामंडळाची.

याचा अर्थ काय होतो तो एका लहान गोष्टीने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून दुसऱ्या पाळीच्या बायका रात्री अकराला सुटत. कारखान्यापासून त्यांच्या चाळीपर्यंत दीड किलोमीटर रस्ता, मध्ये एक मोरी, आणि मोरीपलीकडे दिवा नाही. तेथे एका मुलीची पर्स हिसकावली गेली, ती पडली आणि तिचा हात मोडला. आम्ही अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. त्यांनी नकाशा काढून दाखवला की आमची हद्द मोरीपर्यंत. दुसऱ्या कचेरीत गेलो. ते म्हणाले, रस्ता आम्ही वर्ग केला. तिसऱ्या कचेरीने सांगितले, दिवे आमच्याकडे, पण खांब रोवायला रस्त्याच्या मालकाची परवानगी आणा. चौदा महिने हे चालले. आमच्यापाशी त्या अर्जांच्या आवक शिक्क्यांच्या प्रती आहेत, अकरा आहेत. शेवटी बायकांनीच एका संध्याकाळी पाळीला जाण्याआधी मोरीवर तासभर ठाण मांडले, मालवाहू गाड्या अडल्या आणि आठवड्यात चार खांब उभे राहिले. ते कोणत्या खात्याने रोवले हे आम्हांला अद्याप कळलेले नाही. त्या मुलीचा हात मात्र सरळ झाला नाही. तिला पॅकिंगचे काम सोडावे लागले.

कोणी म्हणेल, ही सरकारी ढिलाई झाली, यात इतिहास कोठे आला? तो येथेच आला. जेथे कलेक्टर एकटाच मालक होता तेथे निदान कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक होते. आज दारे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी ज्या दाराला आपले मत लागू पडते त्या दारामागे पैसा आणि अधिकार सर्वांत कमी आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. ठाण्याची लोकसंख्या २०११ साली १ कोटी १० लाखांवर गेली होती, देशातील सर्वांत मोठा जिल्हा. विभागणी कधीच व्हायला हवी होती. तिच्याआधी आम्ही कामगारांच्या शिष्टमंडळासह ठाण्यातल्या एका कचेरीत जात असू. पहाटे बोईसरहून शटल, विरारला लोकल, दादरला उतरून मध्य रेल्वे, दहाच्या सुमारास ठाणे. साहेब बैठकीला गेलेले. पाच माणसांचा पाच दिवसांचा खाडा, आणि हाती पुढची तारीख. एका कंत्राटी कामगाराच्या विधवेबरोबर आम्ही अशा सहा फेऱ्या केल्या. सहाव्या फेरीला तिने विचारले, “भाऊ, ठाणे म्हणजे अजून आपलाच जिल्हा ना?” आम्ही हो म्हणालो. आम्हांला त्याची लाज वाटली.

म्हणून नव्या जिल्ह्याचे स्वागत आम्ही गुलाल उधळून केले. जव्हारकरांना मुख्यालय आपल्याकडे हवे होते, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. राजधानीचे गाव, डोंगरी तालुक्यांच्या मधोमध. पण माहीमच्या वेळी जे झाले तेच पुन्हा झाले, रुळांनी निकाल दिला. त्याच रुळांवर १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली होती. रेल्वेच्या लेखी आम्ही मुंबईचे उपनगर झालो आणि महसूल खात्याच्या लेखी आदिवासी जिल्हा. दोन्ही खरे आहे, आणि पंचाईत तीच आहे.

निवडणुकांची गोष्ट ऐका. पालघर जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक २०१५ च्या जानेवारीत झाली. उरलेल्या ठाणे जिल्हा परिषदेला मात्र वाद आणि बहिष्कारांपायी २०१७ च्या डिसेंबरपर्यंत प्रशासकावर राहावे लागले. वसई-विरारच्या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली महापालिका झाली. त्यांतल्या कित्येक गावांना ती नको होती. एकोणतीस गावांचा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात आणि मंत्रालयात फिरला. त्या महापालिकेची मुदत २०२० साली संपली, तर पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधली साडेपाच वर्षे प्रशासक. १८८४ साली अध्यक्षाच्या खुर्चीवर सरकारी अधिकारी होता म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी सभा भरवल्या. आज तो तेथे वर्षानुवर्षे बसतो आणि आम्हांला त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

पाण्याकडे पाहा. सूर्या नदीवरचे धामणीचे धरण येथल्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेत त्यातले रोजचे ४०३ दशलक्ष लिटर दक्षिणेच्या शहरांना ठरले. मीरा-भाईंदरला २१८ आणि वसई-विरारला १८५. तेथे राहणारेही कामगारच आहेत, त्यांना पाणी नको असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? पण वाटणी ठरली तेव्हा कालव्याच्या टोकाच्या गावाचा निवडलेला माणूस त्या टेबलाशी होता काय? नवे जिल्ह्याचे ठिकाण सिडकोने बांधले. त्यासाठी सुमारे ४४० हेक्टर सरकारी जमीन सिडकोकडे गेली. इमारती देखण्या झाल्या आहेत, आम्ही पाहून आलो. पण उरलेल्या जमिनीवर कोणते नगर उभे राहणार याचा विचार तेथल्या ग्रामसभांनी करायचा की मंडळाने, हे विचारले की समोरचा माणूस हसतो. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जाते. त्यापायी खाड्या नासल्या म्हणून मच्छीमारांच्या संस्थेला हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. गावच्या पंचायतीला आपल्या खाडीचे पाणी राखण्याचा अधिकार पुरला असता तर दिल्ली गाठावी लागली नसती. आमच्या लोकांना हे बोललेले आवडत नाही. कारखाना बंद पडला तर आमची चूल विझेल अशी भीती असते. ती खरी आहे, आणि मुरब्याच्या माणसाची रिकामी टोपलीही खरी आहे. दोघांनी एका ठिकाणी बसून बोलावे अशी जागा म्हणजे जिल्हा परिषदेचे सभागृह. दुसरी जागा आम्हांला माहीत नाही.

आमच्याही पदरात दोष आहे, तो झाकणार नाही. तीस वर्षे आम्ही पगारवाढीचे करार केले, बोनससाठी दारे अडवली, पण आमचे कामगार मतदार यादीत आहेत की नाहीत ते कधी पाहिले नाही. एकदा एका चाळीत मोजणी केली. ऐंशी खोल्या, दोनशेवर माणसे, आणि गावच्या यादीत नावे एकोणीस. बाकीच्यांची मते दूर त्यांच्या गावी. घरपट्टी चाळमालकाच्या भाड्यातून तेच भरतात, म्हणजे एक आणा त्यांचाच जातो. १८८४ साली वारल्याला मत नव्हते कारण कायद्याने ते नाकारले होते. या दोनशे जणांना कोणी नाकारलेले नाही. आम्ही त्यांना सांगितले नाही, इतकेच.

गेल्या दिवाळीपासून आम्ही रविवारी अर्ज भरून घेतो. काम किचकट आहे, भाडेपावती द्यायला मालक तयार नसतात. त्या चाळीतली नावे एकोणीसवरून चौसष्टांवर आली आहेत. १ मे हा महाराष्ट्राचा दिवस, कामगारांचा दिवस आणि जिल्हा परिषदेच्या जन्माचाही दिवस. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. पहिल्या पाळीचे लोक तीनला सुटतात. सभा सकाळी ठेवतात म्हणून ती चारला घ्यावी असा अर्ज आम्ही दिला आहे. चौसष्ट जणांपैकी जितके येतील तितके घेऊन आम्ही जाणार आहोत, आणि मागच्या वर्षीचा दिवाबत्तीचा खर्च वाचून दाखवा असे सांगणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी आपापल्या गावी जावे.